बाहुलीच्या फ्रॉकचा हिशेब

दिवाळीत चोपडापूजन करणाऱ्या घरांत हिशेबाचे संस्कार वेगळे शिकवावे लागत नाहीत. ताक्यातून किती मीटर कापड गेले, घट किती आली, हमालीचे किती झाले, उधारी कोणाकडे थकली, हे सारे वहीत उतरते. दुकानात आणलेली सुतळीसुद्धा खर्चात धरली जाते. मात्र त्याच घरात, हॉलच्या खिडकीशी ठेवलेल्या शिलाई मशीनवर दुपारच्या वेळी जे काम चालते, त्याची नोंद पुष्कळदा कोणत्याच वहीत सापडत नाही.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील अनेक घरांत स्त्रिया लहान मुलांचे कपडे शिवून देतात. झबली, दुपटी, परकर-पोलकी, वाढदिवसाचे फ्रॉक असे हे काम असते. ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवरील छायाचित्रांतून ऑर्डरी येतात. या कामात आता एका गोड मागणीची भर पडली आहे. मुलीला जो फ्रॉक शिवायचा, त्याच कापडाचा आणि त्याच बेताचा छोटा फ्रॉक तिच्या बाहुलीलाही हवा असतो. मुलगी आणि बाहुली सारख्या कपड्यांत शेजारी बसल्या की पाहणाऱ्याचे मन प्रसन्न होते. ही मागणी करताना ग्राहकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : "बाहुलीचे तेवढे उरलेल्या कापडात करून द्या."

प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या वाक्यातील 'तेवढे' हा शब्द. कापड उरलेले असते हे खरे. पण त्यावर खर्च होणारा वेळ उरलेला नसतो.

कुंचीपासून ठकीपर्यंत

घरच्या हाताने बाळाचे कपडे शिवण्याची आपली परंपरा जुनी आहे. बारशाला आत्याने कुंची आणि झबले-टोपडे आणावे व नाव तिनेच ठेवावे, ही महाराष्ट्रातील रीत. गुजराती व कच्छी घरांत नामकरणाच्या वेळी फोईला हाच मान असतो. नवजात बाळाची पहिली झबली नव्या कापडाची न शिवता आजीच्या धुवून धुवून मऊ झालेल्या सुती लुगड्याची शिवीत, कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला बोचते. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला काळे झबले आणि वर हलव्याचे दागिने, हे दृश्य उपनगरांतील सोसायट्यांमध्ये आजही दिसते.

बाहुलीची परंपराही तितकीच जुनी. महाराष्ट्रातील लाकडी ठकीचा पोशाख लाकडातच कोरून रंगवलेला असे. त्यामुळे कपडे बदलण्याची हौस भागे ती चिंध्यांच्या बाहुलीवर. भातुकलीत बाहुला-बाहुलीचे लग्न ठरले की परकर, पोलके, शेला असा सारा सरंजाम घरच्या चिंध्यांतून उभा राही. अनेक मुलींच्या हातात पहिली सुई आली ती याच लग्नाच्या निमित्ताने. धावदोरा, तुरपाई, काज हे सारे आधी बाहुलीच्या कपड्यावर शिकावयाचे आणि मग माणसाच्या कपड्याला हात लावावयाचा, असा तो क्रम होता.

पुढे शिवणकाम हे केवळ हौसेचे न राहता उपजीविकेचे साधन झाले. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा स्त्रियांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे या हेतूने शिकविल्या जाणाऱ्या गोष्टींत शिवणाला स्थान होते. मुंबईत झारापकर यांच्या नावाने ओळखली जाणारी कापड बेतण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग' हे पुस्तक शिवणवर्गाला जाणाऱ्या कित्येक मुलींच्या हाती असे. अंगाची मापे घ्यावीत, त्यांवरून कागदावर खाका काढावा, खाका कापडावर मांडावा आणि मगच कात्री चालवावी, ही शिस्त अशा पुस्तकांनी व वर्गांनी रुजवली. 'बेतणे' आणि 'बेत' हे शब्द एकाच घरातले आहेत, हे शिवणाऱ्या स्त्रीला सांगावे लागत नाही.

लहान कपड्याचे मोठे काम

चार वर्षांच्या मुलीचा चुणीदार फ्रॉक शिवताना जी कामे करावी लागतात, ती ओळीने लिहून पाहावीत. गळा बेतणे व त्याला पट्टी लावणे, दोन मुंढे, दोन बाह्या, खांद्याच्या आणि कुशीच्या शिवणी, कमरेच्या चुण्या, घेर जोडणे, पाठीची चेन किंवा बटणे आणि शेवटी खालची दुमड. आता बाहुलीच्या फ्रॉकची यादी करावी. ती तशीच्या तशी निघते. एकही पायरी गळत नाही. कापड मात्र काही पट कमी लागते.

उलट काही पायऱ्या अवघड होतात. मोठ्या फ्रॉकला अर्धा इंच दाब ठेवता येतो; बाहुलीच्या फ्रॉकला पाव इंचाहून अधिक दाब ठेवला, तर आतून कापड गोळा होऊन अंगावर फुगवटा येतो. दाब कमी ठेवला की धागे सुटण्याची भीती वाढते. मुलीच्या फ्रॉकची कूस आधी शिवून मग बाही गोल फिरवून बसविता येते. बाहुलीचा मुंढा इतका लहान की त्यात मशीनचा पाय फिरतच नाही. म्हणून बाही आधी सपाट कापडावर जोडावी लागते व कूस शेवटी शिवावी लागते. नेहमीची सुई जाड पडते; ती बदलून नऊ किंवा अकरा नंबरची घालावी लागते आणि टीप बारीक करावी लागते. बाहुलीचे डोके धडाच्या मानाने मोठे आणि हात बहुधा ताठ असतात, त्यामुळे पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवून तिला टिचबटणे किंवा वेल्क्रो लावावे लागते. शेवटची तुरपाई तर हातानेच.

कापडाची निवडही दोघींना सांभाळून करावी लागते. मुलीच्या अंगावर शोभणारे टपोरे गुलाब बाहुलीच्या फ्रॉकवर आले, तर पुढच्या भागावर एकच अर्धा गुलाब उरतो. बारीक बुट्टी, लहान चौकडी, ठिपके, बारीक रेघ अशी नक्षी दोघींनाही चालते. रुबिया, कॅम्ब्रिक, पॉपलिन, मलमल ही सुती कापडे चुण्यांना बरी. ऑर्गंझासारखे कापड लहान तुकड्यात पाहता पाहता उसवते. कापड आधी पाण्यातून काढून आटवून घेतले नाही, तर पहिल्या धुण्यानंतर मुलीचा फ्रॉक आखूड होतो. बाहुलीचा फ्रॉक धुतला न गेल्याने तसाच राहतो आणि जोडीचा मेळ बिघडतो.

एवढे तपशील सांगण्याचे कारण एकच. मुलीच्या फ्रॉकला साडेतीन तास लागत असतील, तर बाहुलीच्या फ्रॉकला दोन तास सहज जातात. कापडाच्या मापाने पाहिले तर ती चिंधी. घड्याळाच्या मापाने पाहिले तर तो अर्ध्याहून अधिक फ्रॉक.

मार्च १९५९

बाहुलीच्या कपड्याला किंमत असते, हे जगाने फार पूर्वी ओळखले. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी बार्बी ही साडेअकरा इंचांची बाहुली मांडली. बाहुलीची किंमत होती तीन डॉलर. तिचे वेगळे विकत मिळणारे पोशाख मात्र एक ते पाच डॉलरला होते. म्हणजे काही पोशाख खुद्द बाहुलीपेक्षा महाग. हे सुरुवातीचे कपडे जपानमध्ये घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांनी शिवलेले होते. बाहुली एकदाच विकली जाते, कपडे पुन्हा पुन्हा विकले जातात, हे गणित त्या कंपनीने पहिल्याच दिवशी मांडले होते.

पुढे १९८६ मध्ये प्लेझंट रोलंड या अमेरिकन बाईंनी 'अमेरिकन गर्ल' या अठरा इंची बाहुल्या काढल्या. बाहुलीसारखाच पोशाख मुलीलाही, ही कल्पना त्यांच्या व्यवसायाने लोकप्रिय केली. १९९८ मध्ये मॅटेलने हा व्यवसाय ७० कोटी डॉलरला विकत घेतला. उपनगरातील ग्राहक ज्या जोडीची 'तेवढे करून द्या' म्हणून मागणी करतो, तीच जोडी तिकडे मोठ्या व्यवसायाचा भाग ठरली.

बार्बी बाजारात आल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, १५ मार्च १९५९ रोजी, मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रिया पापड लाटावयास बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था त्यातून उभी राहिली. तिची कार्यपद्धती सर्वांना ठाऊक आहे. भगिनींनी केंद्रावरून मळलेले पीठ न्यावयाचे, घरी पापड लाटावयाचे, परत आणून वजन करून द्यावयाचे आणि लाटण्याची मजुरी घ्यावयाची. पापड लाटणे हे तर प्रत्येक घरातले काम; त्याला कोण पैसे देणार, असा प्रश्न तेव्हाही कोणी विचारू शकला असता. लिज्जतने त्या कामाला माप दिले आणि मापाला दर दिला. घरातल्या कामाचा उद्योग होण्यासाठी जे लागते, ते हेच.

वहीत मांडून पाहावे

आता एका जोडीचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीने आपले भाव घालून पाहावेत.

समजा, मुलीच्या फ्रॉकला दीड मीटर कापड लागले आणि भाव १६० रुपये मीटर, तर २४० रुपये झाले. अस्तराचे ६० आणि चेन, लेस, दोरा मिळून ६०. एकूण माल ३६० रुपयांचा. बाहुलीच्या फ्रॉकला कापड उरलेलेच. वेल्क्रो आणि लेस यांचे १५ रुपये. वीज, मशीनची देखभाल, बांधणी आणि बाजारात जाण्यायेण्याचा वाटा असे ७५ रुपये धरू. वेळ साडेतीन आणि दोन, असे साडेपाच तास. तासाला १०० रुपये मजुरी धरली, तर ५५० होतात. सारे मिळून १००० रुपये. ही केवळ लागत झाली, नफा त्यावर.

प्रत्यक्षात काय होते? कापड व सामान ३६०, शिलाई ३४०, बाहुलीचे फुकट, असे म्हणून जोडी ७०० रुपयांना दिली जाते. त्यातून माल ३७५ आणि इतर खर्च ७५ वजा जाता हाती राहतात २५० रुपये. साडेपाच तासांनी भागले की तासाला सुमारे ४५ रुपये पडतात. शिवणारीला वाटते आपण ३४० रुपये मिळवले. वही लिहिली असती तर तिला २५० दिसले असते आणि त्यासाठी दिलेले तासही दिसले असते.

'बाजारात जाण्यायेण्याचा वाटा' हे कलमही हलके समजू नये. बोरिवलीहून मरीन लाइन्सला किंवा मुलुंडहून मशीद बंदरला उतरून मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट आणि लेस-बटणांसाठी भुलेश्वर असा फेरा केला की अर्धा दिवस सरतो. दुकानदार स्वतःचा माल आणावयास गेला, तर तो खर्च दुकानाच्या खात्यावर टाकतो. घरातील स्त्री गेली, तर ते 'जरा जाऊन येणे' ठरते.

हिशेब न ठेवल्याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतो. ऑर्डरी भरपूर असतात, पाठ आणि डोळे दुखू लागतात, हाती पैसा राहत नाही. मग 'परवडत नाही' एवढे म्हणून मशीनवर कायमचे आच्छादन चढते. चांगला हात, जमलेले ग्राहक आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असे सारे वाया जाते, आणि नुकसान नेमके कुठे झाले हे कोणालाच कळत नाही. दुकान असे बंद पडले असते, तर घरातील वडीलधाऱ्यांनी जुन्या वह्या काढून कारण शोधले असते.

येथे एक भेद मात्र पाळावा. आजीने नातीसाठी जोडी शिवली, तर तिला किंमत लावू नये. ते देणे आहे, आणि देण्याचा हिशेब मांडावयाचा नसतो. परंतु ग्राहकाला दिलेली वस्तू देणगी म्हणून नोंदवून व्यापार चालत नाही. सवलत द्यावयाची असेल, तर बिलात बाहुलीच्या फ्रॉकची किंमत लिहावी आणि खाली सवलत दाखवावी. किंमत डोळ्यांना दिसली की मानही मिळतो.

एक ऑर्डरीवर, एक साठ्यावर

व्यापारी दृष्टीने पाहिले, तर बाहुलीच्या कपड्यात एक मोठी सोय दडलेली आहे. मूल वाढते, बाहुली वाढत नाही. मुलीचे माप काही महिन्यांत बदलते, म्हणून तिचा फ्रॉक ऑर्डर आल्यावरच बेतावा लागतो. साडेअकरा इंची किंवा अठरा इंची बाहुलीचे माप मात्र ठरलेले. जाड पुठ्ठ्यावर एकदा खाका कापून ठेवला की तो वर्षानुवर्षे चालतो.

यामुळे बाहुलीचे कपडे एकेक न शिवता जमवून शिवता येतात. पाच-सहा फ्रॉकचे कापड एकावर एक ठेवून एकदम कापावे, सर्वांच्या बाह्या एका बैठकीत जोडाव्यात, सर्वांच्या चुण्या एकदम घालाव्यात. सुई, दोरा, टीप वारंवार बदलण्यात जाणारा वेळ वाचतो आणि दोन तासांचे काम बरेच खाली येते. मुलीचा फ्रॉक बेततानाच मुंढ्याच्या आणि घेराच्या कडेला निघणारे तुकडे वेगळे काढून, त्यांवर ग्राहकाचे नाव लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्या मुलीला तो फ्रॉक आखूड होईल, परंतु बाहुलीच्या अंगावर तो जसाच्या तसा राहील. पुष्कळ घरांत तीच त्या वाढदिवसाची आठवण ठरते.

जपावयाच्या गोष्टी

लहान मुलाच्या हाती जाणाऱ्या वस्तूत सौंदर्यापेक्षा सुरक्षितता आधी पाहावी. तीन वर्षांखालील मुलासाठी बाहुलीच्या कपड्याला मणी, लहान बटणे, सुट्या टिकल्या लावू नयेत. त्या तोंडात जातात. बाहुलीचे डोळे भरतकामाचे असावेत. मुलीच्या फ्रॉकला गळ्याशी लांब नाडी ठेवू नये. युरोपातील मानकांत सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याशी व टोपीला नाडी ठेवण्यास मनाई आहे. आपल्या टोपड्याला व कुंचीला हनुवटीखाली बंद असतात. बाळ झोपल्यावर ते सोडून ठेवावेत.

बाहुलीसह संच विकावयाचा असेल, तर बाहुली आयएसआय चिन्हाची घ्यावी. खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा सरकारी आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे.

आपल्या अनेक घरांत अहिंसेच्या विचाराने रेशीम वापरीत नाहीत. सणासाठी खणाचे परकर-पोलके आणि बाहुलीला त्याचाच जोड, ही मागणी मोठी असते. अशा वेळी खण सुती आहे, कृत्रिम धाग्याचा आहे की त्यात रेशीम आहे, हे घेतानाच विचारावे आणि ग्राहकाला बिलावर लिहून द्यावे. ही माहिती न विचारता देणारी शिवणारी विश्वास मिळवते.

नावावर खाते, नावावर नोंद

हे काम घराबाहेर न जाता व्यवसाय म्हणून उभे करता येते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ऑनलाइन होते. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. एक चांगली मशीन आणि ओव्हरलॉक घेण्यास ते पुरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ परंपरागत व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकाम आहे आणि बाहुल्या व खेळणी बनविण्याचे कामही आहे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवावयाचा असल्यास आधी सल्लागारास विचारावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिवणारीचे बचत खाते तिच्या स्वतःच्या नावावर असावे आणि ऑर्डरीचे पैसे त्याच खात्यात यावेत. दुकानाच्या गल्ल्यात पडलेला तिचा पैसा संध्याकाळपर्यंत दुकानाचा होऊन जातो. उद्या मोठे कर्ज घ्यावयाचे झाले, तर बँक विचारते ती खात्यातील वर्षभराची उलाढाल. हाताची कला खात्यात उमटल्याखेरीज बँकेला दिसत नाही.

त्यासाठी मोठी वही नको. साधी दोनशे पानी वही आणि चार रकाने पुरेत : तारीख, माल, लागलेले तास, मिळालेले पैसे. मुलीच्या फ्रॉकला एक ओळ आणि बाहुलीच्या फ्रॉकला दुसरी, स्वतंत्र. घरात लिहिती-वाचती नात असेल, तर या ओळी तिच्याकडून लिहवून घ्याव्यात. बाहुलीच्या निमित्ताने पूर्वी मुली टाका शिकत. आता त्याच निमित्ताने टाक्याचा भावही शिकतील.